गोदाकांठचा धांवपटू आणि सह्याद्रीची चढण

(नभोवाणीवरील भाषण)

सोलापूर-धुळें महामार्ग शहागडाजवळ गोदावरी ओलांडतो. नदीच्या उत्तरेस जालना जिल्हा, दक्षिणेस बीड जिल्हा. या दोन्ही तीरांवरील गांवांत पहाटे लवकर उठलें, तर एक दृश्य हमखास दिसतें. अंधार पुरता सरलेला नसतो, आणि रस्त्याच्या कडेनें तरुण मुलें-मुली धांवत असतात. त्यांपैकीं बहुतेकांची दृष्टि पोलीस किंवा सैन्याच्या भरतीवर असते. पोलीसभरतींत मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धांवावें लागतें. त्या थोड्याशा मिनिटांसाठीं हीं मुलें वर्ष वर्ष घाम गाळतात. भरती कांहींना मिळते, पुष्कळांना मिळत नाहीं. पण धांवण्याची गोडी एकदां लागली, म्हणजे ती भरतीबरोबर संपत नाहीं. असे तरुण आतां विचारूं लागले आहेत, कीं सह्याद्रींत पन्नास पन्नास, शंभर शंभर किलोमीटरच्या ज्या डोंगरी शर्यती होतात, त्यांत आम्हां सपाटीवरच्या माणसांना उतरतां येईल काय? येत असेल, तर तयारी कशी करावी? आणि त्यासाठीं महागडें साहित्य घ्यावें लागतें असें ऐकतों, तें कितपत खरें? या तीन प्रश्नांचाच आज आपण विचार करूं.

प्रथम शर्यतीचें स्वरूप पाहूं. मॅरेथॉनचें अंतर ४२.१९५ किलोमीटर ठरलेलें आहे. त्याहून लांबीची ती अल्ट्रामॅरेथॉन. दक्षिण आफ्रिकेंत डर्बन आणि पीटरमॅरित्झबर्ग या दोन शहरांमधली सुमारें नव्वद किलोमीटरची कॉम्रेड्स शर्यत १९२१ सालीं सुरू झाली. पहिल्या महायुद्धांत पडलेल्या सैनिकांचें तें स्मारक होतें, आणि पहिल्या वर्षीं धांवणारे होते अवघे चौतीस. ही शर्यत मात्र सडकेवरची. डोंगरवाटेवरील शर्यतीची कथा अधिक गमतीची आहे. अमेरिकेंत कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत घोड्यांची एक शर्यत होत असे : शंभर मैल, चोवीस तासांच्या आंत. १९७४ सालीं गॉर्डी एन्सली नांवाचा गृहस्थ घोड्यावांचूनच त्या शर्यतींत उतरला आणि २३ तास ४२ मिनिटांत पायीं पार झाला. तेथून या प्रकाराला बहर आला. युरोपांत माँ ब्लां पर्वताला वळसा घालणारी, फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड या तीन देशांतून जाणारी शर्यत २००३ पासून भरते. तिची लांबी सुमारें १७० किलोमीटर, आणि सारी चढाई मोजली तर सुमारें दहा हजार मीटर.

आपल्याकडेही हा खेळ आतां रुजला आहे. सिंहगड, राजगड आणि तोरणा या तीन गडांना जोडणारी शर्यत अकरा किलोमीटरपासून शंभर किलोमीटरपर्यंतच्या निरनिराळ्या टप्प्यांत होते. साताऱ्यास यवतेश्वराच्या घाटांतून अर्ध-मॅरेथॉन भरते. आणि खरें म्हणजे डोंगरांतली लांबची दौड ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नव्हे. १६६० सालच्या आषाढांत, भर पावसांत, रात्रीं पन्हाळा सोडून शिवाजी महाराज व त्यांचे मावळे विशाळगडाकडे निघाले, ती वाट साठेक किलोमीटरांची होती. आणि त्यांच्या मागें जो धांवत होता, तो खेळगडी नव्हता, शत्रु होता.

आतां कोणी म्हणेल, मावळ्यांचें ठीक आहे. ते डोंगरांतच वाढलेले. आमची भूमि ताटासारखी सपाट. नाथसागर कांठोकांठ भरला, म्हणजे त्याच्या पाण्याची पातळी १५२२ फूट असते. शहागड त्याच्याही खालच्या अंगाला. तोरण्याचा माथा मात्र १४०३ मीटरवर, म्हणजे सुमारें ४६०० फुटांवर. आक्षेप खरा आहे. पण शहागडाच्या पूर्वेस, याच जिल्ह्यांतील जांब गांवीं १६०८ सालीं समर्थ रामदास जन्मले, हें विसरूं नये. टाकळीस तपश्चर्या करीत असतां ते रोज बाराशें सूर्यनमस्कार घालीत, असें परंपरा सांगते. आणि आयुष्याचा अखेरचा काळ त्यांनीं काढला तो सज्जनगडावर. गोदाकांठच्या माणसाला गड परके नाहींत. ज्या काळ्या कातळाची झिजून झालेली माती आपण नांगरतों, त्याच कातळाचे ते गड उभे आहेत. प्रश्न जन्मभूमीचा नाहीं, तयारीचा आहे.

आणि या तयारीचें सूत्र एका वाक्यांत सांगतां येण्यासारखें आहे. डोंगराच्या शर्यतीची तयारी तिच्यांतील उत्तम तासासाठीं करूं नये. सर्वांत वाईट तासासाठीं करावी. सकाळचें गार वारें, ताजे पाय, टाळ्या वाजविणारे लोक, अशा तासांत सगळेच धांवतात. पण पाऊस आला आहे, वाट चुकली आहे, पाय गळाले आहेत, अन्न पोटांत ठरत नाहीं आणि पुढला थांबा सात किलोमीटरांवर आहे, असा एक तास प्रत्येक लांब शर्यतींत येतोच. त्या तासांत तुमच्याजवळ जें असेल तेंच तुमचें.

हें मी भय दाखविण्यासाठीं बोलत नाहीं. २२ मे २०२१ या दिवशीं चीनमधील गान्सू प्रांतांत पीत नदीच्या कांठीं शंभर किलोमीटरची एक डोंगरी शर्यत झाली. १७२ जण निघाले. दुपारच्या सुमारास डोंगरमाथ्यावर सोसाट्याचा वारा, गारा आणि गोठविणारा पाऊस यांनीं त्यांना गांठलें. अनेकांच्या अंगांत पातळ सदरा आणि अर्धी विजार यांखेरीज कांहीं नव्हतें; उबदार जाकीट बाळगणें त्या शर्यतींत सक्तीचें नव्हतें. एकवीस जण मेले. त्यांत त्या देशांतले नामांकित धांवपटूही होते. झू केमिंग नांवाचा एक मेंढपाळ वादळामुळें गुहेंत आसऱ्याला बसला होता. त्यानें सहा जणांना आंत ओढून घेतलें, शेकोटी केली, गोधड्या पांघरविल्या आणि वांचविलें. त्या दिवशीं जीव वांचविले ते वेगानें नव्हे. उबेनें आणि आडोशानें.

कोणी म्हणेल, सह्याद्रींत कोठली आली आहे अशी थंडी? श्रोतेहो, गारठून मरावयास बर्फ लागत नाहीं. धांवणारा माणूस स्वतःच एक शेगडी असतो. तोंवर त्याला ऊब कमी पडत नाहीं. पण थकून तो चालूं लागला, कीं शेगडी मंदावते; आणि अंगावरचे कपडे ओले असले व माथ्यावरचा वारा लागला, तर ऊब शरीरांत तयार होते त्याहून वेगानें बाहेर जाते. हवेंत पंधरा अंश उष्णता असूनही हें होऊं शकतें. खुणा ध्यानांत ठेवा : प्रथम कांपरें भरतें, मग बोटांना गांठ सुटत नाहीं, जीभ अडखळते, माणूस विनाकारण चिडतो, पावलें वांकडीं पडतात. आणि कांपरें थांबलें, पण माणूस शुद्धीवर येत नाहीं, उलट गप्प होत चालला, तर तें बरें वाटण्याचें लक्षण नव्हे. ती शेवटची सूचना आहे.

आतां तयारीकडे वळूं. पहिली तयारी पायांची.

भरतीची मुलें एका गोष्टींत चुकीच्या संवयीची असतात : त्यांना जलद धांवतां येतें, सावकाश धांवतां येत नाहीं. लांब शर्यतीचा पाया सावकाश धांवण्यानेंच घातला जातो. शेजारच्या गड्याशीं अखंड वाक्यांत बोलतां यावें, इतक्याच गतीनें आठवड्यांतले बहुतेक दिवस धांवा. ज्याला आज दहा किलोमीटर सहज जातात, त्यानें पन्नास किलोमीटरच्या शर्यतीसाठीं निदान सहा-आठ महिने हातीं ठेवावेत. आणि मध्यें यवतेश्वरासारखी घाटांतली अर्ध-मॅरेथॉन एकदां करून पाहावी. आठवड्याला चार दिवस साधें धांवणें, एक दिवस चढ-उतार, एक दिवस लांबची दौड, एक दिवस पूर्ण विश्रांति. दर चौथा आठवडा हलका. पल्ला वाढवावा तो कणाकणानें. हाडें आणि कंडरा यांना हृदयाइतकी घाई सोसत नाहीं. शेवटच्या दोन-तीन महिन्यांत कधीं कधीं शनिवारीं लांब दौड आणि रविवारीं थकल्या पायांनीं पुन्हां दौड, असा जोड द्यावा. शर्यतीचा उत्तरार्ध कसा लागतो, हें त्या रविवारीं कळतें. आणि शर्यतीपूर्वीं दोन आठवडे मेहनत उतरती ठेवावी. त्या पंधरवड्यांत केलेला अधिक व्यायाम पायांत शक्ति घालत नाहीं, शीण घालतो.

लांबच्या दौडीचें माप किलोमीटरांत न धरतां तासांत धरा. १८९२ सालीं नेस्मिथ नांवाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानें एक सोपा ठोकताळा घालून दिला : दर पांच किलोमीटरांना एक तास, आणि दर सहाशें मीटर चढाईला आणखी एक तास. पन्नास किलोमीटर अंतर आणि चोवीसशें मीटर चढाई असेल, तर दहा अधिक चार, म्हणजे चौदा तास. हा हिशेब चालणाऱ्याचा खरा. पण नवख्या धांवपटूची दुसरी अर्धी शर्यत चालण्यांतच जाते. पहाटे पांचला निघालात, तर संध्याकाळचे सात वाजतील. हिंवाळ्यांत सूर्य त्याआधीं तासभर मावळलेला असेल. दिवा कां लागतो, याचें उत्तर या बेरजेंतच आहे.

चढणीवर चालणें ही नामुष्की नव्हे. तीव्र चढावर मोठमोठे धांवपटूही गुडघ्यांवर हात रोवून झपाझप चालतात. धांवून जी दोन मिनिटें वांचतात, त्यांची भरपाई पुढें अर्धा तास द्यावी लागते. म्हणून जलद चालण्याचाही सराव करा. वारींतील माणसें हा धडा पिढ्यान्‌पिढ्या गिरवीत आलीं आहेत. पैठणाहून नाथांच्या पालखीबरोबर पंढरीला निघालेली म्हातारी पोंचते ती धांवून नव्हे. पाऊल न थांबवून.

सपाटीवरच्या माणसाचा खरा कस लागतो तो चढणीवर नव्हे, उतरणीवर. हें पुष्कळांना ठाऊक नसतें. चढतांना मांडीचा स्नायू आखडून काम करतो. उतरतांना तो ताणला जात असतांनाच भार पेलतो. ओझें दोरीनें हळूहळू विहिरींत सोडावें, तसें प्रत्येक पावलाला शरीर खालीं सोडावें लागतें. या कामानें स्नायूंचे तंतु फाटतात, आणि तिसाव्या किलोमीटरला पाय काठीसारखे ताठ होतात. परंतु निसर्गानें एक सोय ठेवली आहे. एकदां सोसलेल्या उतरणीची आठवण स्नायू कांहीं आठवडे जपतात. दुसऱ्या वेळीं तेवढ्याच उतरणीनें ते पूर्वीइतके दुखावत नाहींत. म्हणून महिन्यांतून एक-दोन वेळां मोठी उतरण पायांखालीं घालावी, आणि शेवटची शर्यतीपूर्वीं दोन-तीन आठवडे असावी.

उतरण आणावयाची कोठून? अंबडला मत्स्योदरीची टेकडी आहे. देवगिरीचा किल्ला भोंवतालच्या सपाटीपासून सुमारें सहाशें फूट उंच आहे. मुभा असलेल्या वेळेंत, येणाऱ्या-जाणाऱ्यांना अडथळा न करतां तो तीन वेळां चढला-उतरला, कीं साडेपांचशें मीटर झाले. गोदेच्या दक्षिणेला बालाघाटाच्या रांगा आहेत. आणि यांपैकीं कांहींच जवळ नसेल, तर देवळाच्या किंवा शाळेच्या पायऱ्या आहेतच. पायरी पंधरा सेंटिमीटरची धरली, तर शंभर पायऱ्यांचे पंधरा मीटर होतात. चाळीस खेपांत सहाशें मीटर. काम कंटाळवाणें आहे खरें, पण डोंगरावरला वाईट तासही कंटाळवाणाच असतो. शिवाय तालमींतल्या बैठका आहेत. मात्र त्या भराभर मारूं नका. चार आंकडे मोजत खालीं जा आणि एका आंकड्यांत वर या. उतरणीचा हा घरगुती अभ्यास आहे. नदीची कोरडी वाळू घोट्यांना बळकटी देते. आठवड्यांतून वीस मिनिटें तीवर अनवाणी चाला.

ज्यांना हृदयाचा, रक्तदाबाचा किंवा मधुमेहाचा त्रास आहे, त्यांनीं हें सर्व वैद्यकीय तपासणीनंतरच करावें.

दुसरी तयारी पोटाची. डोंगरी शर्यत सोडून देणाऱ्यांत पाय थकलेल्यांइतकेच पोट बिघडलेले असतात. शरीरांतला साखरेचा सांठा दोन-तीन तासांत ओसरतो; मग तासाला तीस ते साठ ग्रॅम पिष्ट-शर्करा पोटांत गेली पाहिजे. एका मध्यम केळ्यांत सुमारें पंचवीस ग्रॅम असते. गुळाच्या सुपारीएवढ्या दोन-तीन खड्यांतही तितकीच. परदेशी गोड चिकट पाकिटें सोयीचीं आहेत, पण अपरिहार्य नाहींत. केळें, खजूर, राजगिऱ्याचा लाडू, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, दशमीचा तुकडा, हें सर्व चालतें. अट एकच : जें शर्यतींत खाणार, तें सरावांत धांवतां धांवतां खाऊन पाहिलेलें असावें. पोटालाही तालीम लागते.

पाण्याच्या बाबतींत दोन्ही टोंकें वाईट. न पिणें जितकें धोक्याचें, तितकेंच नुसतें साधें पाणी घटाघट ढोसणेंही. त्यानें रक्तांतलें मीठ पातळ होऊन माणूस भ्रमतो, प्रसंगीं दगावतो. तहान लागेल तसें प्यावें आणि बरोबर मीठ घ्यावें. अतिसारावर घरीं देतों तें पाणी, म्हणजे एक लिटर पाण्यांत सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, येथेंही उपयोगी पडतें. आणि एक कडक सूचना : दुखणें दाबण्यासाठीं शर्यतींत आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या घेऊं नका. पाणी कमी झालेल्या शरीरांत त्या मूत्रपिंडावर घाव घालतात.

आतां तिसरी तयारी, साहित्याची. या ठिकाणीं दुकानदाराची नजर आपल्या खिशाकडे असते. म्हणून आपली नजर त्या वाईट तासाकडे असावी. साहित्याचे दोन वर्ग करा. एक, ज्यावांचून जीवाला धोका आहे तें; दुसरा, ज्यानें केवळ सोय वाढते तें. पहिल्यांत काटकसर करूं नये. दुसऱ्यांत खुशाल करावी.

पहिला मान बुटांचा. २०१७ सालीं मेक्सिकोंतील ताराहुमारा जमातीची लोरेना रामिरेझ ही मुलगी पन्नास किलोमीटरच्या डोंगरी शर्यतींत पहिली आली, तेव्हां तिच्या अंगांत तिचा नेहमींचा घोळदार पोशाख होता आणि पायांत जुन्या टायरच्या तळाच्या वहाणा होत्या. आपल्याकडच्या गुराख्याच्या पायांतही टायरच्या वहाणा असतात, हें ऐकून अभिमान वाटेल. पण त्यांतून काढावयाचा बोध हा, कीं पाय ज्याला संवयीचे असतील तेंच पादत्राण चांगलें. उद्यां टायरच्या वहाणा घालून तोरणा चढावा, असा नव्हे. बूट निवडतांना तळाकडे पाहा. कोरड्या मुरमावर व कातळावर तीन-चार मिलिमीटरचे दांते पुरतात. पावसाळी चिखलांत पांच-सहा लागतात. ओल्या कातळावर मात्र दांत्यांपेक्षां रबराचा मऊपणा कामास येतो. ओल्या फरशीवर एकदां पाय दाबून पाहिलें, कीं फरक समजतो. आंत पाणी न शिरूं देणारे बूट ओढ्यांच्या प्रदेशांत फसवितात; पाणी घोट्यावरून आंत जातेंच, आणि मग बाहेर येत नाहीं. सह्याद्रींत निथळणारें जाळीदार कापड बरें.

बूट संध्याकाळीं, मोजे घालून घ्यावेत, कारण दिवसभरांत पाय किंचित्‌ फुगतात. अंगठ्यापुढें बोटभर जागा हवी. नाहींतर उतरणीवर नखें आदळून काळीं पडतात. टांच मात्र घट्ट बसावी. नवे बूट शर्यतीच्या दिवशीं प्रथम घालणें म्हणजे नवी बैलजोडी थेट शंकरपटांत उतरविणें. ऐंशी-शंभर किलोमीटर सरावांत होऊं द्या. मोजे सुती नसावेत. सूत घाम धरून ठेवतें आणि फोड आणतें. नखें दोन-तीन दिवस आधीं कापा, आणि घासणाऱ्या जागीं पेट्रोलियम जेली लावा.

दुसरा मान पावसाळी जाकिटाचा. डोक्यावर टोपी हवी, शिवण आंतून पट्टी लावून बंद केलेली हवी. माँ ब्लांच्या शर्यतींत जाकिटाच्या कापडाची पाणी रोखण्याची क्षमता निदान दहा हजार मिलिमीटर असावी, असा दंडक आहे. आपणही तोच धरावा. बाजारांत ‘पाणी झटकणारें’ म्हणून विकतात, तें वाऱ्याला चांगलें, धोधो पावसाला नव्हे. जाकिटाखालीं एक पातळ, सुती नसलेला, लांब बाह्यांचा सदरा कोरड्या पिशवींत ठेवावा.

तिसरा मान दिव्याचा. डोक्याला बांधावयाचा दिवा, त्याच्या जादा विजेऱ्या, आणि एक लहानसा राखीव दिवा. घरून निघण्यापूर्वीं एका रात्रीं दिवा पूर्ण विझेपर्यंत जाळून पाहा; वेष्टनावर छापलेले तास आणि खरे तास एकच असतात असें नाहीं.

यानंतर तीन स्वस्त वस्तु. चकाकत्या पत्र्यासारखी घडीची आपत्कालीन चादर : मुठींत मावते, आणि निदान १.४० मीटर रुंद व दोन मीटर लांब असावी, म्हणजे अंग पुरतें झांकतें. शिट्टी : संकटाची खूण म्हणून मिनिटांत सहा वेळां वाजवावी, मिनिटभर थांबावें, पुन्हां सहा वेळां, उत्तराची खूण मिनिटांत तीन वेळां. आणि एक चिकटपट्टी-बँडेजची पुडी. या तिन्ही मिळून एका वेळच्या जेवणाइतकेंही ओझें होत नाहीं. भरलेला मोबाइल फोन प्लॅस्टिकच्या पिशवींत बरोबर असावा. परंतु दऱ्यांत त्याला आवाज मिळेलच असें धरून चालूं नये.

हें सर्व ठेवावयाची पिशवी बंडीसारखी छातीला लगटून बसणारी असावी. धांवतांना ती हिंदकळली, तर दहा तासांत खांदे सोलून निघतात. समोर अर्ध्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या, मागें जाकीट व अन्न. काठ्या सोयीच्या वर्गांतल्या. उतरणीवर गुडघ्यांचा भार हलका करतात, पण सराव नसेल तर स्वतःच्याच पायांत येतात. मनगटावरचें नकाशेदार घड्याळ, दाबून धरणारे पायमोजे, रंगीत चष्मे, हे सर्व दुसऱ्या वर्गांतलें. बेताच्या मिळकतीच्या घरांतील मुलानें पहिल्या वर्षीं बूट विकत घ्यावेत, जाकीट आणि दिवा लागल्यास अनुभवी मित्राकडून उसना घ्यावा. घड्याळासाठीं मात्र घरांत कोणाच्या औषधाला किंवा शाळेच्या फीला हात लावूं नये.

शेवटची तयारी मनाची. तिला पैसा लागत नाहीं. माघार केव्हां घ्यावयाची, हें घरींच ठरवून निघावें. डोंगरावर थकलेलें डोकें खोटे हिशेब करतें. लघवीचा रंग काळसर झाला, उलट्या थांबत नाहींत, कांपरें भरलें, घोटा वजन घेत नाहीं, अशी एकही खूण दिसली कीं पुढल्या थांब्यावर शर्यत सोडावयाची, असा स्वतःशीं करार करावा. आणि वाटेंत दुसरा कोणी बसलेला दिसला, तर घड्याळ विसरून थांबावें. त्या मेंढपाळाला कोणतेंही पदक जिंकावयाचें नव्हतें. म्हणून त्याला समोरचा माणूस दिसला. आपल्याला पदक हवें असलें तरी माणूस दिसला पाहिजे. गडावर खाल्लेल्याचा कागद खालीं आणावा, हें तर सांगावयासही नको.

सारांश, शहागडाच्या मुलाला तोरणा अवघड नाहीं. त्यानें वर्षभर सावकाश धांवावें, पायऱ्या उतराव्या, पोटाला शिकवावें, आणि पाठीवरच्या लहानशा बंडींत त्या एका वाईट तासाची शिदोरी बांधून निघावें. मग तो तास आला, तरी पाहुण्यासारखा येईल आणि जाईल. आणि गडाच्या माथ्यावरून पूर्वेकडे पाहतांना, आपली सपाट काळी भूमि क्षितिजाच्या कोठेंतरी पलीकडे आहे, एवढें त्याला समाधानानें आठवेल.